चौथ्या कोपऱ्यातली पहार

शुक्रवार, ७ डिसेंबर १९७३. लिव्होर्नो बंदर, इटली

रशिदाचं पत्र मिळालं. जहाज कंपनीच्या एजंटाच्या माणसानं ते परवाच सारंगाकडे, आम्हा खलाशांच्या मुकादमाकडे, दिलं होतं. सारंगानं दोन दिवस खिशात फिरवलं आणि आज चहाच्या वेळी माझ्या अंगावर टाकलं. म्हणाला, "ए गवंडी, तुझं वॉरंट आलंय."

वॉरंटच आहे.

ही वहीसुद्धा रशिदानंच दिली होती. माझी धाकटी बहीण, पण सातवी शिकलेली, म्हणून माझ्यावर मास्तरकी करते. म्हणाली होती, "भाई, रोज चार ओळी लिहीत जा, न्हायतर पाचवीपर्यंतचं हाय तेबी विसरशील." रोजच्या चार ओळी काही झाल्या नाहीत. आज मात्र डोक्यात सगळा गलका झालाय, म्हणून लिहून काढतो.

पत्रात असं आहे. गावची बैठक झाली. पिराच्या दर्ग्याशेजारी अब्बांनी जो मिनार बांधायला घेतला होता, तो मोहरमच्या आधी उतरवायचा असं ठरलं. मिनाराखालीच पंजे बसतात, सगळा गाव तिथं जमतो, पोरंबाळं झोपतात. केरबाआण्णा पंच आहेत. ते म्हणाले, "कुतुबचाचा, तुमच्यावर राग न्हाय. पण उद्या कुणाच्या डोक्यावर आला तर मी काय सांगू?" अब्बा उभे राहिले आणि एवढंच बोलले, "पाया माझा, दोष माझा. पण पाडू नका. बसतोय त्यो, बसू द्या. बसला की वरचा मजला मी सरळ काढतो." त्यावर बैठक हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "बसतोय न्हवं चाचा, निजतोय."

आमचा मिनार तीन मजल्यांचा व्हायचा होता. दोन झाले आणि तो विहिरीकडच्या कोपऱ्यावर चार बोटं कलला. तेव्हापासून अब्बांना कुणी काम सांगितलेलं नाही. मुरगूडपासून कागलपर्यंत ज्यांच्या हातची भिंत म्हटलं की लोक बघायला यायचे, त्यांना पोरं रस्त्यात विचारायची, "चाचा, मिनार कुणाच्या पाया पडाय लागलाय?" मला ते ऐकवेना. मी मुंबई गाठली आणि जहाजावर चढलो.

पत्राच्या शेवटी रशिदानं लिहिलंय, "अब्बा रोज सकाळी मिनारापाशी जाऊन बसतात. पितळी लोट्याला दोरी बांधून कल मोजतात. तुमचा ओळंबा कुठं गेला विचारलं तर म्हणतात, कामावर गेलाय."

ओळंबा माझ्याजवळ आहे. आज्जाचा आहे तो, पितळेचा, पेरूएवढा. घर सोडलं त्या पहाटे अब्बांच्या पिशवीतून मी तो चोरला. का चोरला ते मलाही सांगता येणार नाही. पिशवीत सगळ्यात वर होता, फडक्यात गुंडाळलेला. हाताला लागला आणि घेतला. बरं झालं, अब्बा झोपले होते. आणि आता लाजेखातर बिचारे कामावर गेलाय म्हणून सांगतात.

गुंडू म्हणतो, पत्राला उत्तर देऊ नको. गुंडू निपाणीकडचा, इंजिनखात्यात तेल घालतो. आमचं जहाज मागचा पंखा दुरुस्त करायला इथं अडकलंय, दोन आठवडे तरी हलत नाही. त्यानं बेत केलाय, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी आपण दोघांनी बंदरावरून परत यायचंच नाही. "हितं काम रग्गड हाय, लेका. गावात तुझं काय ठेवलंय? पडका मिनार?"

मी व्हय म्हणालोय.

पायाचं खरं काय ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहीत नाही.


रविवार, ९ डिसेंबर

आज सुट्टीचा पास मिळाला. गुंडू म्हणाला, जवळ पिसा म्हणून जुनं शहर आहे, आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत, जाऊन येऊ. राहायचं तर मुलूख बघून ठेवायला नको का?

पिसाच्या स्टेशनाबाहेर आलो तर रस्त्यावर एक मोटार नाही. माणसं भर रस्त्यातून चालतायत, सायकली, एक घोडागाडी, आणि एक म्हातारी बाई गाढवावर बसून हसत चाललेली. गुंडू म्हणाला, "बंद पुकारलेला दिसतोय. कोण मेलं?" कोणीच मेलं नव्हतं. हॉटेलवाल्यानं खुणेनं सांगितलं, तेल महाग झालं म्हणून सरकारनं रविवारी मोटारींना बंदी केलीय. आमच्याकडे असा बंद असता तर दगड पडले असते. इथं लोक बायकापोरांसकट जत्रेला निघाल्यासारखे निघालेत.

नदी ओलांडली. दोन्ही काठांनी पिवळी, तांबूस घरं, एकाला एक चिकटून, जशी पंगतीला बसलीत. नदी वळते तशी घरांची ओळही वळते. एवढी वळणावळणाची ओळ धरून भिंती उठवायच्या म्हणजे काय काम आहे, ते गवंड्याच्या घरात जन्मल्याशिवाय कळायचं नाही. मी चाललो होतो आणि बोट भिंतीवरून फिरवत होतो. गुंडू म्हणाला, "भिंती काय चाचपतोस? म्हस घ्यायची हाय काय?"

मग एक तटाची भिंत आली, तिच्यातला दरवाजा, आणि दरवाजातून आत गेलो तर...

मला नीट लिहिता येत नाही. हिरवं गवत, आणि त्यावर पांढरीशुभ्र तीन कामं. एक गोल घुमटाचं, एक लांबरुंद मोठं चर्च, आणि त्याच्या मागं मिनार. चुनखडीचं नाही, सगळं संगमरवर. कमानींवर कमानी, खांबांवर खांब, सुपारीएवढी जागा मोकळी नाही, तरी डोळ्यांना भार होत नाही. लहान असताना अब्बांनी मला विजापूरचा गोल घुमट दाखवायला नेलं होतं. तिथं भिंतीला हात लावून ते बराच वेळ नुसते उभे होते. मी म्हणालो, चला की. तर म्हणाले, "थांब. ज्यानं बांधलं त्याला सलाम करू दे." आज मी तसा उभा राहिलो.

गुंडू ओरडला, "आर्रं, पडतंय की रं त्ये!"

मिनार खरोखर पडत होता. म्हणजे तसा कललेला. आमचा चार बोटं. हा एक अख्खं घर खाली मावेल एवढा. आणि खाली माणसं हात वर करून, तोंड वेडंवाकडं करून उभी! मला वाटलं, टेकू द्यायचा काही नवस असावा. मग पाहिलं तर समोर दुसरा माणूस फोटो काढतोय. हातानं मिनार ढकलून धरलाय असा फोटो.

जगभरची माणसं एका चुकलेल्या पायापुढं उभी राहून हसत होती. पण ते हसणं आमच्या बैठकीतलं नव्हतं. प्रेमाचं होतं.

गुंडूनंही हात वर केला आणि म्हणाला, "काढ की फोटो." आमच्याकडे कॅमेरा कुठला? तो तसाच थोडा वेळ उभा राहिला.

मी मिनाराकडे बघायचं टाळत होतो. मला कोणत्या कोपऱ्यावर कललाय तेच सारखं दिसत होतं.


सोमवार, १० डिसेंबर

दिवसभर गंज खरवडला. डोळ्यांपुढून मिनार जात नाही. काहीतरी खटकतंय. नुसता कललेला नाही तो. दुसरं काहीतरी आहे.


बुधवार, १२ डिसेंबर

सारंगाला पोटात दुखतं म्हणून सांगितलं. म्हणाला, "दुखणं पिसाला का?" पण सोडलं.

ओळंबा खिशात घालून गेलो. चर्चच्या कोपऱ्यावर उभा राहिलो, दोरी हातभर सोडली, ओळंबा स्थिर होऊ दिला, एक डोळा मिटला आणि दोरी मिनाराच्या कडेला लावली. अब्बा लांबून भिंत अशीच बघतात.

आणि खटकत होतं ते सापडलं.

खालचे तीन मजले दोरीपासून तिरपे निघून जातात. चौथ्यापासून तो तिरपेपणा कमी होतो. वर, सगळ्यात वर, जिथं घंटा टांगल्यात, तो मजला दोरीकडे परत मान वळवतो. वाऱ्यानं आडवा झालेला ऊस बघा. बुडखा पडलेला राहतो, पण आठ दिवसांत शेंडा उभा होऊन आभाळाकडे बघायला लागतो. हुबेहूब तसा. म्हणजे बांधणाऱ्यांना कल कळला होता! कळल्यावर त्यांनी पाडलं नाही, पळूनही गेले नाहीत. वरचं काम सरळ करत नेलं.

मी मोठ्यानं "आयला!" म्हणालो. एक पहारेकरी आला, ओळंब्याकडे बोट करून काहीबाही बोलायला लागला. त्याला वाटलं असेल, मी भिरकावतोय. तेवढ्यात पलीकडे चर्चच्या ओट्याचा फुटका दगड बदलत बसलेला एक म्हातारा गवंडी उठून आला. डोक्यावर वर्तमानपत्राची घडी घातलेली टोपी, मिशा पांढऱ्या, बोटं अब्बांसारखी, नखांत चुना. त्यानं ओळंबा माझ्या हातातून घेतला, तळहातावर तोलला, टोक बघितलं, दोरी दोन बोटांत धरून चोळली आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "पिओंबो!" म्हणजे ओळंबाच असणार. मग माझ्या छातीवर बोट ठेवून आणखी काहीतरी म्हणाला, गवंडी असंच असणार. पहारेकरी निघून गेला.

त्याचं नाव बेप्पे. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची. पण त्यानं मला दगडापाशी नेलं, नवा दगड दाखवला आणि भुवई उडवली. म्हणजे, बसला का नीट? मी हात फिरवला. डावीकडे केसभर वर होता. मी अंगठ्यानं दाखवलं. त्यानं लाकडी हातोड्यानं दोन टोले दिले, पुन्हा हात फिरवला, आणि मोठ्यानं हसला. मला एक मोठा पाव आणि चीज दिलं.

वर्षभरानंतर आज कुणीतरी मला गवंडी म्हणालं. सारंग म्हणतो ते वेगळं.


शनिवार, १५ डिसेंबर

अर्धा दिवस मिळाला. बेप्पेनं मला मिनारावर नेलं.

आत गोल जिना आहे. संगमरवराच्या पायऱ्या माणसांच्या पायांनी खोलगट झाल्यात, पण गंमत अशी की एकाच जागी नाहीत. थोडा वेळ डावीकडे झिजलेल्या, मग मधोमध, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. कल फिरतो तसा चालणारा माणूस भिंतीकडे फेकला जातो, तसा त्याचा पाय पडतो. शेकडो वर्षं लाखो माणसांचा तोल त्या पायऱ्यांवर लिहून ठेवलाय. एका बाजूला चढतोय की उतरतोय तेच कळत नाही. बाहेरच्या सज्ज्यांना कठडाही नाही. एकदा वाकून पाहिलं आणि मग भिंतीला पाठ लावून चाललो. बेप्पे मात्र गल्लीतून चालल्यासारखा चालत होता.

वर घंटांच्या मजल्यावर जायला आणखी पायऱ्या आहेत. बेप्पेनं मला खांद्याला धरून एका बाजूला उभं केलं, पायऱ्या मोजायला लावल्या. चार. मग दुसऱ्या बाजूला नेलं, जिकडे मिनार कललाय तिकडे. सहा. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी आधी चार बोटं आणि मग सहा बोटं दाखवली आणि हातानं पातळी दाखवली. तो "एक्को!" म्हणून ओरडला आणि पाठीत थाप मारली. कललेल्या बाजूला काम उंच घेतलं आणि वर पातळी आणली. एवढंच. आणि केवढं!

वरून सगळं शहर दिसलं. तांबड्या कौलांचा समुद्र, मधून नदी, लांबवर डोंगर, एका डोंगरावर बर्फ. आपल्या पन्हाळ्यावरून पावसाळ्यानंतर खालचं शेत दिसतं, तसं स्वच्छ. मला त्या वेळी फार बरं वाटलं. अब्बा इथं असायला हवे होते. त्यांनी मनगट धरून मला प्रत्येक सांधा दाखवला असता.

खाली आल्यावर बेप्पेनं पेन्सिल घेतली आणि फरशीवर चित्र काढलं. तीन मजले. मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपायची खूण केली आणि आकडा लिहिला, १००. मला वाटलं, शंभर दिवस? त्यानं मान हलवली. तीन मजल्यांवर काम थांबलं ते शंभर वर्षं थांबलं. शंभर वर्षं मिनार जमिनीत बसत गेला. मग दुसऱ्यांनी वरचं सरळ काढलं.

मी तिथंच खाली बसलो. "बसतोय त्यो, बसू द्या." अब्बा हेच म्हणत होते. त्यांनी हे शहर पाहिलेलं नाही, नावही ऐकलेलं नसेल. बैठक हसली तेव्हा मी गावात नव्हतो, पण आधी घरात हेच बोलले तेव्हा मीसुद्धा हसलो होतो.

मला काय झालं ते बेप्पेला कळलं नाही. त्याला वाटलं, दमलो. त्यानं आपल्या पिशवीतून दुसरी थापी काढली, माझ्या हातात दिली आणि शेजारची जमीन थोपटली. "लावोरो," म्हणाला. काम. माझ्याबरोबर काम कर. खुणेनं सांगितलं, झोपायला जागा आहे, खायला आहे, बायको स्वयंपाक चांगला करते.

जन्मभर या दगडांत! मला तिथल्या तिथं व्हय म्हणावंसं वाटलं.


रविवार, १६ डिसेंबर

लिहीत नाही म्हणालो होतो ते लिहितो.

आमच्यात पाया भरण्याआधी एक रीत आहे. खणत खणत मुरूम लागला की चारही कोपऱ्यांत पहार उंचावरून सोडायची. मुरमावर पडली तर ती टण वाजते. काळ्या मातीवर पडली तर भद्द. चारही कोपऱ्यांत वाजल्याशिवाय अब्बा पायाचा पहिला दगड ठेवत नाहीत. म्हणतात, डोळे फसतात, पहार फसत नाही.

त्या दिवशी अब्बांना कागलला मयतीला जावं लागलं. जाताना म्हणाले, "सिकंदर, पहार टाक. वाजली तरच भर." मला आतून केवढा अभिमान वाटला होता. पहिल्यांदा पाया माझ्यावर सोपवला होता. पण त्याच दिवशी मुरगूडला कुस्त्यांचं मैदान होतं. केरबाआण्णांचा सयाजी बैलगाडी जुंपून थांबला होता आणि हाका मारत होता.

तीन कोपऱ्यांत पहार वाजली. चौथ्या, विहिरीकडच्या कोपऱ्यात, भद्द वाजली. मी पुन्हा टाकली. भद्द. तिथं आणखी दोन-तीन हात खणायला हवं होतं. म्हणजे तो दिवस गेला. मजुरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भरा."

कुस्त्या झकास झाल्या. संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "चारी वाजल्या?" मी म्हणालो, "चारी."

दोन वर्षांनी मिनार कलला तो त्याच कोपऱ्यावर. अब्बांनी सगळ्या गावाला सांगितलं, पाया माझा. त्यांना खरं माहीत नाही. माहीत असतं तर एवढ्या शिव्या माझ्या वाटणीच्या त्यांनी खाल्ल्या असत्या का?

पिसाचा पाया कुणी भरला ते आज कुणाला ठाऊक नसणार. पण मला त्या माणसाची ओळख पटलीय. त्याच्या चौथ्या कोपऱ्यातही पहार भद्द वाजली असणार आणि त्यालाही कुठंतरी जायचं असणार.


सोमवार, १७ डिसेंबर

पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर सरळ सुरुवात केली, "अब्बा, चौथ्या कोपऱ्यात पहार वाजली नव्हती. मी खोटं बोललो. हे पत्र रशिदानं बैठकीत सगळ्यांपुढं वाचावं. केरबाआण्णांपुढं आणि सयाजीपुढंही." मग पिसाचं सगळं लिहिलं, बेप्पेचं, ओळंब्यानं पाहिलेलं, चार आणि सहा पायऱ्या, शंभर वर्षं. कललेल्या मिनाराचं चित्र असलेलं एक कार्ड घातलं आणि त्याच्या पाठीवर आमचा मिनार काढला. तिसरा मजला विहिरीच्या बाजूला चार बोटं उंच. खाली लिहिलं, "मी येऊन तो कोपरा टप्प्याटप्प्यानं उघडतो आणि मुरमापर्यंत दगड भरतो. माझ्या हातानं. तोवर पाडू नका." ओळंबा मीच चोरलाय, तेही लिहिलं.

उत्तर मोंबासाच्या एजंटाकडे पाठवा म्हणून पत्ता दिला.

पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं. मी येतो म्हणून लिहिलं, आणि गुंडूला राहतो म्हणून सांगितलंय. आता दोन्हींपैकी एकीकडे तरी मी खोटा.


गुरुवार, २० डिसेंबर

पंखा बसला. परवा सुटायचं. गुंडूनं सगळं ठरवलंय. उद्या दोघांनी पास काढून बंदराबाहेर पडायचं, तो बाजारात थांबणार, मी बेप्पेला विचारून यायचं, मग दोघं बेप्पेकडेच. "तुझा म्हातारा मला काय काम दील?" म्हणाला. मी म्हणालो, "दगड उचलायचं." तर म्हणतो, "तेवढंच व्हय? मुकादम-बिकादम न्हाय?"

पत्र आता विमानात असेल. गावात मोहरमला महिना राहिलाय. एक कार्ड आणि चार ओळींवर गाव मिनार राखेल असं मला वाटत नाही. पाडला असेल तर मी जाऊन काय तोंड दाखवू? आणि राखला असेल आणि मी गेलोच नाही तर?


शुक्रवार, २१ डिसेंबर

पिसाला गेलो. बेप्पे दिसला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दुपारपर्यंत काम केलं. दोन दगड बसवले. एक माझा. मी मेल्यावरही लोक त्यावरून चर्चमध्ये जातील. कुणाला कळणार नाही तो मुरगूडकडच्या माणसानं बसवलाय म्हणून. पण नीट बसलाय. बेप्पेनं तीनदा हात फिरवला.

मग मी थापी पुसून त्याच्या पिशवीत ठेवली. त्याला कळलं. ओळंबा खिशातून काढून शेजारी ठेवला आणि त्याच्या पेन्सिलीनं फरशीवर आमचा मिनार काढला, शेजारी एक म्हातारा काढला, आणि म्हाताऱ्याकडे आणि माझ्याकडे बोट केलं. बेप्पे चित्रावर वाकला. नंतर त्यानं दोरीला हात लावला, आणि म्हाताऱ्याच्या चित्राकडे बोट दाखवून दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, दोरी वळतात तसे. मी मान हलवली. नाही, नाही, दोरी मी आणली तेव्हापासून अशीच आहे. तो हसला आणि माझा गाल थोपटला. त्याला वाटलं असेल, मला समजलं नाही.

जाताना मी पुन्हा मागं वळून पाहिलं. उन्हात मिनार लोण्यासारखा दिसत होता. एवढं सुंदर काम चुकीतून उभं राहतं. चुकलेलं लपवलं नाही म्हणून ते सुंदर आहे, असं मला वाटलं. बाकी मला फार कळत नाही.

गुंडूला बाजारात तासभर शोधलं. सापडला नाही. वाटलं, हा तर माझ्याआधीच पळाला. जहाजावर आलो तर बिछान्यात पडून बिडी ओढत होता.

"पावणं, आलात व्हय?" म्हणाला.

"तू पळणार होतास न्हवं?"

"तुझ्यासाठीच आलो परत. एकटा कुठं सोडू तुला?" मग जरा वेळानं, "लेका, त्या बाजारात मिरची कशीच मिळत न्हाय. आसल्या मुलखात माणूस जगंल कसा?"


गुरुवार, ३ जानेवारी १९७४. समुद्र

सुएझ बंद, म्हणून आफ्रिकेला अख्खा वळसा. ओळंबा खिळ्याला टांगलाय. जहाज हलतं तसा तो हलत नाही, आम्हीच त्याच्याभोवती हलतो.


बुधवार, २३ जानेवारी. मोंबासा

पत्र आलंय. सारंगानं या वेळी खिशात ठेवलं नाही, माझं तोंड बघून हातात दिलं.

रशिदाचं अक्षर. बैठकीत तिनं सगळं पत्र उभं राहून वाचलं. चौथ्या कोपऱ्याचं आलं तेव्हा सयाजी उठून बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, "गाडी मी जुंपली व्हती." मग कार्ड सगळ्यांच्या हातातून फिरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्ये पडत न्हाय तर आपला काय पडतोय?" केरबाआण्णांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि निकाल दिला, "यंदा पंजे पलीकडच्या अंगणात बसतील. मिनाराभोवती काट्या लावा. पोरगं येऊन कोपरा खोदंल तवा पुढचं बघू. न्हाय आलं तर पुढच्या मोहरमच्या आधी पाडायचा."

त्याखाली रशिदानं लिहिलंय, "अब्बा सांगतायत तसं लिहिते, माझं काही नाही."

मग अब्बांचं हे.

"सिकंदर. मिनार कुठल्या कोपऱ्यावर कलला त्ये बघूनच मला कळलं व्हतं. तुला इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तू आणखी एकदा खोटं बोलला असतास, आणि मग तुला परत यायला तोंड उरलं नसतं. त्या लोकांनी शंभर वर्सं थांबून बरोबर केलं. मला एवढं थांबायला जमायचं न्हाय, जरा लवकर ये. येताना जुन्या कामात नवा दगड कसा बसवत्यात त्ये त्या म्हाताऱ्यानं दाखवलं असलं तर ध्यानात ठेव. ओळंब्याची दोरी तू जायच्या आदल्या राती मेण लावून वळलीया. दोन वर्सं टिकंल. त्याम्होरं टिकायची न्हाय."

मी पत्र दोनदा वाचलं. मग बिछान्याशेजारच्या खिळ्यावरून ओळंबा काढला आणि दोरी बोटांत धरून चोळली, बेप्पेनं चोळली होती तशी. अजून मेणकट आहे.

घर सोडून मला चौदा महिने झाले. दहा उरले.

गुंडू म्हणाला, "सारंगाकडं चांगली नायलॉनची सुतळी हाय, आणू काय बदलायला?"

मी म्हणालो, नको. हीच पुरेल.